मुलांचा मुका मार आणि मोठ्यांचे मलम

पावसाचा जोर ओसरला की बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी परिसरातील शाळांची मैदाने पुन्हा गजबजतात. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, क्रिकेट यांचे सामने सुरू होतात. गावोगावच्या तालमींत पहाटे पोरे घुमू लागतात. अशा दिवसांत संध्याकाळी घरी परतलेल्या एखाद्या मुलाचा घोटा सुजलेला असतो, कोणाचे मनगट मुरगळलेले असते, कोणाच्या पोटरीला मुका मार बसलेला असतो. मग फळीवर ठेवलेली मलमाची ट्यूब खाली येते. ही ट्यूब मुळात त्या मुलासाठी आणलेली नसते. ती आजीच्या गुडघ्यासाठी, दिवसभर विड्या वळून आखडलेल्या आईच्या मानेसाठी किंवा उसाच्या फडात राबलेल्या वडिलांच्या कमरेसाठी आणलेली असते. चोर्ला घाट उतरून गोव्यात आले तरी घराघरांतील चित्र याहून वेगळे नाही.

या साध्या कृतीत वैद्यकशास्त्रातील एक अर्धवट सुटलेला प्रश्न दडलेला आहे. मोठ्या माणसांच्या दुखण्यावर ज्या दाहशामक मलमांचा गुण चाचण्यांतून सिद्ध झाला आहे, ती मलमे लहान मुलांवर तितकीच गुणकारी आणि तितकीच सुरक्षित आहेत काय? प्रौढांबाबत पुरावा भक्कम आहे. मुलांबाबत तो फारच तोकडा आहे. त्यामुळे किशोरवयीन मुलांच्या किरकोळ दुखापतीत वैद्यकीय सल्ल्याने या मलमांना जागा असली, तरी लहान मुलाच्या बाबतीत ट्यूब उघडण्यापूर्वी तिच्यात काय आहे आणि दुखणे नेमके कशाचे आहे, या दोन्ही गोष्टी पाहणे आवश्यक ठरते.

ट्यूबमध्ये काय असते?

औषधाच्या दुकानात ‘दुखण्यावरचे मलम’ मागितले असता जे हाती पडते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिला प्रकार खऱ्या अर्थाने दाहशामक औषधांचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन, पिरॉक्सिकॅम ही या गटातील प्रमुख नावे होत. गोळ्यांच्या रूपात पोटात घेतली जाणारी हीच औषधे जेल, मलम, फवारा किंवा चिकटपट्टी या स्वरूपात त्वचेवर वापरली जातात.

दुसरा प्रकार आहे चुरचुरणाऱ्या मलमांचा आणि बामांचा. मेन्थॉल, कापूर, निलगिरी तेल, टर्पेंटाइन आणि गंधपुरा तेलातील मिथाइल सॅलिसिलेट हे त्यांतील नेहमीचे घटक. मेन्थॉलने त्वचेतील थंडीची जाणीव करून देणारे मज्जातंतू चेतवले जातात. इतर घटकांनी त्वचा लाल होऊन ऊब वाटते. या नव्या संवेदनेपुढे मूळची वेदना काही काळ मागे पडते. खालच्या स्नायूतील किंवा सांध्यातील दाह मात्र त्यामुळे फारसा कमी होत नाही.

गोंधळ वाढतो तो मिश्रणांमुळे. बाजारातील अनेक जेलमध्ये डायक्लोफेनॅक, मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल हे तिन्ही घटक एकत्र असतात. वेष्टनावरील माहिती बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत छापलेली असते. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या या सीमाभागात ती अक्षरे वाचून ‘बारा वर्षांखालील मुलांना वापरू नये’ हा मजकूर समजून घेणारे पालक थोडेच. चिठ्ठीशिवाय सहज मिळणारी वस्तू निरुपद्रवी असणार, अशी समजूतही त्यामुळे घट्ट होते.

वेदना शमते कशी?

स्नायू ताणला गेला किंवा सांध्याचे बंध दुखावले की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते आणि वेदना वाहून नेणारे मज्जातंतू अधिक संवेदनशील होतात. या रसायनांच्या निर्मितीस अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे अडथळा आणतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९८२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गोळी पोटातून रक्तात जाते आणि सर्व शरीरभर पसरते. घोट्यासाठी घेतलेले औषध जठराच्या अस्तरापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंतही पोहोचते. जठराची जळजळ, रक्तस्राव, मूत्रपिंडावरील ताण हे दुष्परिणाम त्यातूनच उद्भवतात. औषध थेट दुखऱ्या जागेवर लावले तर तेथील ऊतींत त्याचे प्रमाण पुरेसे राहते आणि रक्तात ते फार कमी उतरते. प्रौढांमध्ये डायक्लोफेनॅकचे जेल ठरलेल्या प्रमाणात लावल्यास रक्तातील औषधाची मात्रा गोळी घेतल्यावरच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के इतकीच भरते. या मलमांचे सारे आकर्षण या एका आकड्यात आहे.

मोठ्यांबाबतचा पुरावा

आरोग्यविषयक संशोधनाचे पद्धतशीर परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली या मलमांचा आढावा घेतला. लचक, मुरगळणे, ताण अशा ताज्या दुखापतींवरील ६१ चाचण्या आणि त्यांतील साडेआठ हजारांहून अधिक रुग्ण त्यात विचारात घेण्यात आले. सुमारे एका आठवड्यात वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली, तर उपचार यशस्वी मानला गेला. डायक्लोफेनॅकच्या एका विशिष्ट जेलने दहांपैकी जवळजवळ आठ जणांना असा आराम मिळाला; औषधविरहित जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण दहांत दोन होते. किटोप्रोफेनच्या जेलने दहांपैकी सात, तर आयबुप्रोफेनच्या जेलने दहांपैकी चार जणांना गुण आला. त्वचेवरील किरकोळ त्रासाचे प्रमाण खऱ्या आणि औषधविरहित जेलमध्ये जवळजवळ सारखेच आढळले.

या आकड्यांतून दोन बोध निघतात. पहिला असा की, सर्व मलमे सारखी नसतात. औषध तेच असले तरी ते कोणत्या माध्यमात मिसळले आहे यावर त्याचे त्वचेतून आत जाणे अवलंबून असते. दुसरा असा की, औषधविरहित जेल लावणाऱ्यांपैकीही काहीजण आठवड्यात बरे झाले. साधी दुखापत मुळात काळानेच भरून येते. घरगुती लेपाला मिळणाऱ्या श्रेयाचा मोठा वाटा या नैसर्गिक भरून येण्याचा असतो. चुरचुरणाऱ्या सॅलिसिलेटयुक्त मलमांच्या स्वतंत्र आढाव्यात तर ताज्या दुखापतीवर त्यांचा भरवशाचा उपयोग दाखवणारा दर्जेदार पुरावा सापडला नाही.

मात्र दाहशामक मलमांच्या त्या मोठ्या आढाव्याच्या शीर्षकातच ‘प्रौढांमधील’ हा शब्द आहे. लहान मुलांविषयी त्याला काही म्हणता येत नाही.

मुलांचा पुरावा मागे का राहिला?

मुलांवर औषधांच्या चाचण्या करणे नैतिक आणि व्यावहारिक दोन्ही दृष्टींनी अवघड असते. मूल स्वतः संमती देऊ शकत नाही. लहान मुलाला वेदनेची तीव्रता आकड्यात सांगता येत नाही. वयोगटागणिक शरीर बदलत असल्याने एकच चाचणी सर्वांना लागू पडत नाही. शिवाय उत्पादकांना मुख्य बाजारपेठ प्रौढांची दिसते. परिणामी अनेक औषधे मोठ्यांवर तपासली गेली आणि मुलांना अंदाजाने दिली गेली. अशा मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६०च्या दशकात ‘औषधोपचारातील अनाथ’ हा शब्दप्रयोग रूढ केला. पुढे अमेरिकेत २००२ आणि २००३ साली, तर युरोपीय संघात २००७ साली मुलांसाठीच्या औषधचाचण्यांना चालना देणारे कायदे अमलात आले.

मलमांच्या बाबतीत या कायद्यांनी थोडी प्रगती झाली, पण ती किती थोडी हे एका उदाहरणावरून दिसते. डायक्लोफेनॅकची एक चिकटपट्टी अमेरिकेत सहा वर्षे व त्यावरील मुलांच्या किरकोळ लचक, मुरगळा आणि मुका मार यांसाठी मान्य झाली आहे. त्या मान्यतेमागे मुलांवरचा जो अभ्यास आहे, त्यात १०४ मुलांचा समावेश होता आणि सर्वांना खरीच पट्टी लावली गेली होती. तुलनेसाठी औषधविरहित पट्टीचा गट नव्हता. म्हणजे सुरक्षिततेचा काही अंदाज या अभ्यासातून मिळाला, गुणाचा आधार मात्र मुख्यत्वे प्रौढांवरील चाचण्यांचाच राहिला. डायक्लोफेनॅकच्या जेलवर तर देशपरत्वे १२ किंवा १४ वर्षांखालील मुलांना वापरू नये, अशीच सूचना आढळते. या सूचनेचा अर्थ ते लहान मुलांना अपायकारक ठरले आहे असा नाही. त्या वयात ते पुरेसे तपासलेले नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. तथापि पालकांच्या दृष्टीने दोन्हींतून निघणारी दक्षता सारखीच.

भारतात अशा दक्षतेचा एक धडा जुना नाही. तापावर आणि दुखण्यावर लहान मुलांना सर्रास दिले जाणारे निमेसुलाइड हे दाहशामक औषध यकृतावरील दुष्परिणामांच्या चिंतेमुळे वादात सापडले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्र सरकारने १२ वर्षांखालील मुलांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. तोपर्यंत ते कितीतरी घरांत नेहमीचे औषध बनले होते.

त्वचा म्हणजे भिंत नव्हे

‘वरून लावायचे आहे, पोटात थोडेच जाते?’ हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. निपाणी परिसराला त्याचे उत्तर अन्य कोणी देण्याची गरज नाही. तंबाखूच्या शेतात ओल्या पानांची तोडणी करणाऱ्यांना मळमळ, चक्कर, ओकारी, डोकेदुखी असा त्रास होतो. पानांवरील दवातून निकोटिन त्वचेवाटे रक्तात उतरते. वैद्यकशास्त्रात त्याची नोंद ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ या नावाने आहे. तंबाखू न खाता, न ओढता शरीरात जाते, हे ज्या मातीने पाहिले आहे, तिथे मलमही शरीरात जाते हे समजावणे कठीण नसावे.

मुलांच्या बाबतीत हे शोषण अधिक महत्त्वाचे ठरते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. आईच्या कमरेवर जेवढे मलम लागते, तेवढेच तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दोन्ही पायांना चोळले तर वजनाच्या हिशेबाने त्याला कित्येक पट मात्रा मिळते. वरून घट्ट पट्टी बांधली, गरम शेक दिला किंवा खरचटलेल्या जागेवर मलम लावले, तर शोषण आणखी वाढते.

मिथाइल सॅलिसिलेट हे याचे सर्वांत गंभीर उदाहरण. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, सुमारे सात ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. नेहमीच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांचे हे प्रमाण होय. रांगत्या मुलाने बाटली तोंडाला लावली तर एवढे तेल प्राणघातक ठरू शकते. मलमांत त्याचे प्रमाण कमी असले तरी अतिरेक तिथेही घातक आहे. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या एका १७ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्नायूदुखीवरील मलमांच्या अतिवापरातून शरीरात साठलेले मिथाइल सॅलिसिलेट हे त्याचे कारण असल्याचे वैद्यकीय तपासणीत निष्पन्न झाले.

कापराचेही तसेच. खोबरेल तेलात कापूर घालून मुलांच्या छातीला आणि पायांना चोळण्याची रीत घराघरांत आहे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना थोड्या वेळातच आकडी येऊ शकते. अमेरिकेत त्वचेवर लावायच्या औषधांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांना कापूरयुक्त तेल किंवा बाम लावणे टाळावे, हेच श्रेयस्कर.

मुरगळा की मोडलेले हाड?

मलम कोणते, यापेक्षाही मोठा प्रश्न दुखणे कशाचे आहे हा असतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा-पट्टी असते. उंची वाढते ती या पट्टीतून. ती हाडाहून मऊ असते आणि सांधा बांधून ठेवणाऱ्या बंधांपेक्षाही पुष्कळदा कमकुवत ठरते. म्हणूनच ज्या झटक्याने प्रौढाचा घोटा केवळ मुरगळतो, त्याच झटक्याने वाढत्या मुलाची ही पट्टी दुभंगू शकते. अशा इजांचे सॉल्टर आणि हॅरिस या कॅनडातील अस्थिशल्यचिकित्सकांनी १९६३ साली केलेले वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. ही इजा वेळीच ओळखली नाही तर हाड वाकडे वाढण्याचा किंवा एक पाय आखूड राहण्याचा धोका असतो.

सीमाभागात हाडवैद्याकडे जाऊन जोर लावून ‘सांधा बसवून’ घेण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. तालमीतील वस्तादांच्या हातांनी अनेक पिढ्यांची दुखणी हलकी झाली असतील. परंतु वाढीच्या पट्टीला झालेली इजा हाताला कळत नाही, ती क्ष-किरण तपासणीतच दिसते, आणि कधी तर पहिल्या चित्रातही सुटते. सुजलेल्या सांध्यावर जोरात मालिश केल्याने आतील रक्तस्राव आणि इजा दोन्ही वाढतात.

क्ष-किरण तपासणी केव्हा करावी यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली तयार झालेले साधे निकष आहेत. घोट्याच्या आतील किंवा बाहेरील उंचवट्याच्या हाडावर मागच्या कडेने दाबल्यास दुखत असेल, पावलाच्या बाहेरील कडेच्या मधोमध किंवा आतील कमानीवरच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर मलम बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. पाच वर्षांवरील मुलांतही हे निकष उपयुक्त ठरले आहेत.

जे दुखणे चोळायचे नसते

मार लागलेला नसताना मुलाचा सांधा दुखत असेल, तर ते दुखणे मलमाचे नसते. घसा दुखून गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येणे, आज गुडघा तर उद्या घोटा असे दुखणे एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात फिरणे, ही संधिवाताच्या तापाची खूण असू शकते. पाच ते पंधरा या वयात तो प्रामुख्याने आढळतो. सांधे काही दिवसांत आपोआप बरे होतात, दाहशामक औषधाने तर चटकन होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र कायम राहते. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलिनची इंजेक्शने नियमित घेऊन पुढील झटके टाळता येतात. सांध्याचे दुखणे थांबले म्हणून घरी बसलेले मूल काही वर्षांनी धाप लागते म्हणून रुग्णालयात येते, ही भारतातील ग्रामीण वैद्यकाची जुनी शोकांतिका आहे.

एकच सांधा तापलेला, लाल आणि हलवताही न येणारा असेल, सोबत ताप असेल, तर त्यात पू झालेला असण्याची शक्यता असते; तिथे काही तासांचाही विलंब सांध्याला महागात पडतो. रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे, वजन घटणे, चेहरा निस्तेज होणे, अंगावर अकारण काळे-निळे डाग पडणे ही लक्षणे रक्ताच्या कर्करोगातही दिसतात. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा दोष पुष्कळदा खुब्याच्या सांध्यात असतो. तेव्हा लंगडणाऱ्या मुलाच्या गुडघ्यावर आठवडाभर मलम चोळत राहणे म्हणजे मोलाचा काळ घालवणे होय. याउलट, संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्या दुखणे आणि सकाळी मूल उड्या मारत बाहेर पडणे, हे वाढत्या वयातील निरुपद्रवी दुखणे असते. त्याला हलका हात फिरवणे आणि धीर देणे पुरते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर तापाबरोबर अंग मोडून येत असेल तर डेंग्यूची शंका मनात ठेवावी. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापासाठी पॅरासिटामॉल तेवढे वजनाप्रमाणे द्यावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

मग करावे काय?

साध्या दुखापतीत पहिले दोन दिवस दुखऱ्या भागाला विश्रांती द्यावी. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. रुंद पट्टी बेताने आवळून बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. गरम शेक आणि मालिश सूज असेपर्यंत टाळावी. आंबेहळद आणि रक्तबोळाचा कोमट लेप अखंड त्वचेवर लावण्याने फारसे बिघडत नाही. पण खरचटलेल्या जागी तो लावू नये आणि त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत मुलांवरचा पुरावा मलमांपेक्षा चांगला आहे. ओटावा येथील बालरुग्णालयात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताजी दुखापत झालेल्या ६ ते १७ वर्षांच्या ३३६ मुलांना आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा कोडिन यांपैकी एकाची एक मात्रा देण्यात आली. तासाभरात आयबुप्रोफेन घेतलेल्यांची वेदना इतर दोन्ही गटांच्या जवळजवळ दुप्पट उतरली. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, वयावर अंदाजाने नव्हे. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा अशा औषधांनी दमा बळावणाऱ्या मुलांना आयबुप्रोफेन देऊ नये. अ‍ॅस्पिरिन तर १६ वर्षांखालील मुलांना घरच्या घरी कधीच देऊ नये. विषाणूजन्य आजारात त्याने मेंदू आणि यकृताचा गंभीर विकार जडू शकतो.

किशोरवयीन मुलाच्या लचकेवर डॉक्टरांनी दाहशामक जेल सुचवले, तर ते अखंड त्वचेवर, पातळ थरात, वेष्टनावर सांगितले असेल तितक्याच वेळा लावावे. वरून शेक देऊ नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. लावून झाल्यावर हात धुवावेत. नाहीतर औषध डोळ्यांत आणि तोंडात जाते. किटोप्रोफेनचे जेल लावलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास तीव्र पुरळ उठू शकते, त्यामुळे दिवसभर मैदानावर असणाऱ्या मुलांसाठी ते योग्य नव्हे. त्याच गटातील गोळी आणि जेल एकाच वेळी सल्ल्याशिवाय वापरू नये. आठवड्यात उतार पडला नाही, तर मलम बदलू नये, डॉक्टरांना दाखवावे. ट्यूब आणि बाम मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. चुकून पोटात गेल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

औषधविक्रेत्यांचीही यात भूमिका आहे. ‘कोणासाठी हवे?’ आणि ‘वय किती?’ हे दोन प्रश्न ट्यूब हाती देण्यापूर्वी मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारले गेले, तर वेष्टनावरील न वाचलेल्या इंग्रजी सूचनेचे अर्धे काम तिथेच होईल.

पुरावा इथेही उभा राहू शकतो

मुलांसाठीच्या मलमांचा पुरावा कधीतरी परदेशातून येईल, तोवर वाट पाहावी, असे मानण्याचे कारण नाही. आरोग्याच्या दुर्लक्षित प्रश्नांवर जगाला उपयोगी पडणारी चाचणी खुद्द बेळगाव जिल्ह्यात झाली आहे. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने दगावणाऱ्या ग्रामीण मातांसाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतील काय, हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० मातांवर ही चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांनीच गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

या अनुभवाचा अर्थ सरळ आहे. ज्या समाजात औषध वापरले जाणार, तिथेच ते तपासले गेले, तर उत्तर भरवशाचे मिळते. शाळकरी खेळाडूंच्या ताज्या दुखापतींवर दाहशामक जेल, औषधविरहित जेल आणि पोटात घ्यायचे औषध यांची तुलना करणारी चाचणी आखणे त्या मानाने सोपे आहे. दुखापती असंख्य आहेत, परिणाम आठवड्यात दिसतो आणि पालकांची संमती व मुलांची सहमती घेण्याचे नियम देशात घालून दिलेले आहेत. उणीव आहे ती हा प्रश्न महत्त्वाचा मानण्याची. घोटा मुरगळल्याने कोणी मरत नाही, म्हणून तो अभ्यासाच्या यादीत तळाशी राहतो. आणि दरवर्षी हजारो मुलांच्या अंगाला मोठ्यांचे मलम अंदाजाने लागत राहते.

तो अभ्यास होईपर्यंत पालकांच्या हाती एक साधी शिस्त उरते. आधी मूल चार पावले चालते का ते पाहावे, मग ताप आहे का ते पाहावे, मग ट्यूबवरील नाव आणि वय वाचून घ्यावे. वाचता आले नाही तर वाचता येणाऱ्याला दाखवावे. झाकण उघडण्याची पाळी त्यानंतरची.